गिरणीपुऱ्याची बारा हजार डोकी

माणसं सुखी आहेत की नाहीत हे कळण्यासाठी शेवटी गटारात डोकावावं लागलं, याचं साऱ्या जगाला मोठं नवल वाटलं. प्रणिता वानखडेला मात्र काडीचंही वाटलं नाही. अंबरखेड नगरपालिकेत रसायनतज्ज्ञ म्हणून तिची अकरा वर्षं सांडपाण्याच्या बाटल्या हुंगण्यात गेली होती. कोणत्या कॉलनीत कुणाला झोप लागत नाही आणि कोणत्या गल्लीत दारू वाढली आहे, हे नगरसेवकांच्या आधी तिला कळत असे. घाणीची तिला शिसारी नव्हती. शिसारी आली ती पुढच्या पंचवीस दिवसांत, आणि ती गटारातून आली नाही.

पूर्वी देश किती कमावतो यावरून तो किती बरा चालला आहे हे ठरवत. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की पूर आला की सिमेंट खपतं, साथ आली की औषधं खपतात, आणि माणसं रडत असताना देशाचा आकडा वर चढतो. म्हणून लोकांनाच विचारायला सुरुवात झाली. शून्य ते दहा यांपैकी सांगा, तुम्ही किती सुखी? आता सासू शेजारी बसलेली असताना कोणती सून दोन म्हणेल? काही देशांत माणसं पोलिसांच्या भीतीनं दहा म्हणाली, तर काही देशांत पोट भरलेली माणसं सवयीनं तीन म्हणाली. असा सगळा सावळा गोंधळ.

त्यातून निघाला हितांक. कल्पना साधी होती. माणूस तोंडानं खोटं बोलतो, मूत्रातून बोलत नाही. ताण वाढला की शरीरात एक संप्रेरक वाढतं आणि त्याचे अवशेष बाहेर पडतात. शांत झोप झाली की सकाळच्या पहिल्या लघवीत दुसऱ्या एका संप्रेरकाचे अवशेष सापडतात. पोटात अन्न नसलं की शरीर स्वतःचीच चरबी जाळतं आणि त्याचीही खूण मागे राहते. शहराच्या मुख्य गटारात यंत्र बसवायचं, त्यानं दर पंधरा मिनिटांनी घोटभर पाणी उचलायचं आणि या खुणा तपासायच्या. हे पाणी किती माणसांचं, तेही त्यालाच कळतं, कारण माणसागणिक रोज साधारण ठरावीक अमोनिया गटारात जातो. अमोनियावरून डोकी, संप्रेरकांवरून त्या डोक्यांतली काळजी. कुणाचं नाव नाही, गाव नाही, जात नाही. प्रत्येक देशातून चिठ्ठ्या टाकून चाळीस शहरं निवडायची, एकवीस दिवस मोजायचं आणि देशांची क्रमवारी लावायची.

प्रणिताला हे यंत्र मनापासून आवडलं होतं. इतक्या वर्षांत गरिबाचं म्हणणं कुणी अर्जाशिवाय ऐकून घेतंय, असं तिनं पहिल्यांदाच पाहिलं होतं.

चिठ्ठीत अंबरखेड आलं आणि गावाला हर्षवायू झाला. राज्यातलं जे शहर वर येईल त्याला वैद्यकीय महाविद्यालय मिळणार होतं. मोजणीचे प्रमुख म्हणून डॉ. मुकुंद रायबागकर आले. गोड बोलणारे, सेंट लावणारे, प्रत्येक वाक्याला 'आपण सगळे मिळून' जोडणारे गृहस्थ. आश्विन लागला आणि मोजणी सुरू झाली. नळाला दोन्ही वेळा पाणी येऊ लागलं, वीज जाईनाशी झाली. बारावीच्या फेरपरीक्षेचा निकाल पुढे ढकलला गेला. चौकाचौकात पहाटे हास्यक्लब भरू लागले आणि नगरपालिकेचे कारकून हजेरी लावून हसू लागले. प्रणिताला यातही गैर दिसलं नाही. मोजतात म्हणून का होईना, पाणी तर येतंय, असं ती नवऱ्याला म्हणाली. नवरा, तुषार, नगरपालिकेतच मलनिस्सारण अभियंता होता. तो नुसताच हुं म्हणाला.

चौथ्या दिवशी आकडे पाहताना ती अडखळली. अंबरखेडच्या मुख्य गटाराला त्रेपन्न हजार माणसं जोडलेली होती. यंत्र म्हणत होतं, एक्केचाळीस हजार. तिनं यंत्र पुन्हा जुळवलं, हातानं नमुना घेतला, जुन्या पद्धतीनं तपासला. एक्केचाळीसच.

"सर, बारा हजार माणसं कमी भरताहेत," ती रायबागकरांना म्हणाली.

"सणाचे दिवस. गेली असतील देवीला."

"सगळी एकदम?"

"ताणाचा आकडा कसा आहे?"

"खूप उतरलाय."

"मग छान आहे की," ते म्हणाले आणि त्यांनी फोन उचलला.

बारा हजार म्हणजे गिरणीपुरा, हे प्रणिताला कागद न पाहता कळलं होतं. बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग गिरणीमागच्या चाळी. ती तिथंच वाढली होती. आई गेल्यावर अनसूयाआत्यानं तिला तिथल्या एका खोलीत लहानाचं मोठं केलं होतं. आत्या अजून तिथंच राहत होती. तिनं फोन लावला.

"काय सांगू माय," आत्या म्हणाली. "पाच दिवस झाले, मोरीतून उलटं पानी येऊन राह्यलं. मले वाटलं, तुले माईत असन."

प्रणिता तशीच निघाली. गिरणीपुऱ्याच्या तोंडाशीच तिनं चपला हातात घेतल्या, मग पुन्हा पायात घातल्या, कारण खाली काय आहे ते दिसत नव्हतं. बोळांमधून काळं, साखळलेलं पाणी उभं होतं आणि त्यावर चाळींची विष्ठा तरंगत होती. बायका खाटांवर चुली मांडून बसल्या होत्या. आत्याच्या खोलीत घोट्याच्या वर घाण होती. भांडी फळीवर, देव फळीवर, धान्याचा डबा फळीवर आणि आत्या खाटेवर. तिच्या उजव्या पायाला मळकं फडकं बांधलेलं होतं. आत्याला साखरेचा आजार होता आणि पायाला आठवड्यापूर्वीच पत्रा लागला होता.

"दाखव पाय."

"हात नोको लावू. वास येते."

प्रणितानं फडकं सोडलं. अंगठा निळा पडला होता आणि शेजारचं बोट त्याच वाटेवर होतं.

"आत्या, आत्ताच्या आत्ता माझ्या घरी चल."

"खोली सोडली का कुलूप लावतीन थे पालिकावाले. जागेवर डोळा हाय त्याईचा. समद्याईनं ठरवलं, कोनी हालाचं नाई." मग तिनं आवाज खाली आणला. "जावईबापू सोताच आले होते ना. मोजनी लागाच्या आदल्या दिवशी. चार मानसं होती संगं. मी म्हनलं, या, बसा. पाय धुवाले पानी देल्लं, चहा केला. मी पुसलं, काय काम काढलं? दुरुस्ती हाय म्हने."

तुषार या खाटेवर बसला होता. आत्यानं जावई म्हणून तांब्या पुढे केला, त्यानं पाय धुतले, कपबशी हातात घेतली आणि उठून बाहेर जाऊन हिच्या मोरीचं तोंड बंद केलं. पायाखालच्या घाणीनं जे झालं नव्हतं ते त्या कपबशीनं झालं. तिला शिसारी आली.

"तू कायले रडतं?" आत्या म्हणाली.

तुषारनं नाकारलं नाही, एवढं एक बरं. "रबरी फुगा आहे," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "नळात घालायचा, हवा भरायची, नळ बंद. दुरुस्तीसाठी वापरतात."

"दुरुस्तीसाठी दोन तास वापरतात. एकवीस दिवस नाही."

"वरून आदेश होता."

"लेखी?"

"असले आदेश लेखी असतात का? गिरणीपुऱ्याचा ताण सगळ्या शहराला खाली ओढतो, असं रायबागकर म्हणाले. सतरा दिवस उरलेत. त्यानंतर मी स्वतः फुगा काढतो."

"आत्याचा अंगठा निळा पडलाय."

"आणू ना त्यांना इकडे. मी केव्हा नको म्हटलं?"

"आणि बाकीचे बारा हजार?"

वाईट माणूस नव्हता तुषार. घरात मुंगी दिसली तर कागदावर घेऊन बाहेर सोडणारा माणूस. अशी माणसंच लागतात असल्या कामाला, असं प्रणिताला वाटलं आणि तिला त्याच्या शेजारी बसवेना. फुग्याची हवा सोडायची किल्ली तिनं मागितली. त्यानं दिली नाही. फुगा घातलेल्या मॅनहोलच्या झाकणापाशी आता पोलीस बसवला होता, तेही त्यानं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्रानं आकडा दाखवला, त्रेपन्न हजार. रात्रीत तुषारला लाज वाटली, त्यानं फुगा काढला, असं प्रणिताला वाटलं. तिनं लगेच आत्याला फोन लावला.

"नाई वं माय. कालच्याहून दोन बोटं वाढलंच."

नमुन्यांच्या बाटल्या आणणारे शालिकराम दारात उभे होते. नगरपालिकेत तीस वर्षं काढलेला माणूस. "म्याडम, मानसं परत नाई आली," ते म्हणाले. "टँकर आले."

त्यांनी तिला जीपमधून मुख्य गटाराच्या वरच्या अंगाच्या झाकणापाशी नेलं. चार टँकर ओळीनं उभे होते आणि जाड नळीतून गटारात काहीतरी सोडत होते. पस्तीस किलोमीटरवरच्या डोंगरावर 'निरामयगिरी' नावाचं ध्यानकेंद्र होतं. तिथं शहरांतली मोठी माणसं महिना महिना मौन धरून राहत, फोनला शिवत नसत आणि नऊला झोपत. दोन हजार शांत माणसांचं मलमूत्र अंबरखेडच्या गटारात ओतलं जात होतं.

"पण दोन हजारच ना? उरलेले दहा हजार?"

शालिकरामांनी बोट दाखवलं. झाकणाच्या पलीकडे युरियाच्या गोण्या रचल्या होत्या आणि एक माणूस फावड्यानं त्या पिंपात कालवत होता. युरियाचा अमोनिया होतो. यंत्राला अमोनिया म्हणजे माणूस. आत्या, तिच्या शेजारच्या गोदाबाई, बाळंतीण झालेली संगीता, सगळ्यांच्या जागी एकेक मूठ खत पडत होतं. शालिकराम पचकन थुंकले. त्यांना थुंकताना प्रणितानं पहिल्यांदा पाहिलं.

असा दोन दिवस अंबरखेडचा हितांक चढत राहिला. रायबागकरांनी पत्रकारांना बोलावून घेतलं. 'आपण सगळे मिळून सुखी झालो,' असं ते म्हणाले, आणि हास्यक्लबवाले टाळ्या पिटत हसले.

आणि सातव्या दिवशी यंत्रानं धोक्याचा बावटा लावला. अंबरखेड, उपासमार, तिसरी पातळी.

तिसरी पातळी म्हणजे दुष्काळ. युद्धात वेढलेल्या शहरांना लागणारा बावटा. कचेरीत धावपळ उडाली. कुणी यंत्राला शिव्या घातल्या, कुणी परदेशी कटाचा वास काढला. प्रणिताला मात्र दहा मिनिटांत उलगडा झाला आणि इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली. नवरात्र चालू होतं. अंबरखेडमध्येही घरोघर उपास होते, पण अंबरखेडचा उपास म्हणजे साबुदाण्याची उसळ, भगर, शेंगदाण्याची आमटी आणि वर दोन केळी. त्यानं चरबी जळत नाही, वाढते. निरामयगिरीवर मात्र पाचव्या माळेपासून नुसतं कोमट पाणी आणि लिंबू. पहिले दोन दिवस अंगातल्या साठ्यावर निघाले आणि मग दोन हजार सुखवस्तू माणसांची चरबी एकदम जळू लागली. टँकर भरून आलेली शांती नेमकी उपाशी निघाली होती. यंत्र प्रामाणिकपणे ओरडलं की या गावात भुकेनं हाहाकार आहे.

रायबागकर डगमगले नाहीत. "कलम नऊ," ते म्हणाले. "सांस्कृतिक सूट. धार्मिक उपवासामुळे खूण आली असेल तर स्थानिक रसायनतज्ज्ञानं तसं प्रमाणपत्र द्यायचं. अठ्ठेचाळीस तासांत. आपल्या परंपरांची कदर आहे हो त्या जागतिक समितीला." त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला. 'ही खूण स्थानिक लोकसंख्येच्या उपवासाची आहे, असे मी प्रमाणित करते.'

"स्थानिक?"

"फार खोलात जायचं नसतं, बाई."

"फुगा काढा, मग सही करते."

"फुगा काढला तर सहीचा उपयोग काय?" ते हसून म्हणाले. त्यांनी इतकं सरळ बोलावं याचीही तिला किळस आली.

संध्याकाळी तुषारनं तिच्यासमोर ताट वाढून ठेवलं आणि समोर बसला. "सही कर, प्रणिता. दोन आठवडे राहिलेत. नाही केलीस तर चौकशी लागेल. फुगा मी बसवलाय, रायबागकरांनी नाही. तुला मी तुरुंगात हवाय का?"

तिनं ताटाकडे पाहिलं. पंधरा वर्षांचा संसार होता. तिच्या वडिलांच्या आजारपणात यानं त्यांची बेडपॅन उचलली होती. ते आठवलं म्हणूनच तिला जास्त संताप आला.

"नाही," ती म्हणाली. "तुरुंगात नकोस. पण आत्याच्या खोलीत एक दिवस बसलेला हवा होतास."

तिनं कागद कोरा परत पाठवला. त्याऐवजी हितांकाच्या जागतिक समितीला सविस्तर पत्र लिहिलं. फुगा, टँकर, युरिया, फोटो, डोक्यांचा हिशोब, आत्याचा पायसुद्धा. समिती दोन दिवसांत माणसं पाठवील, झाकण उघडेल, अशी तिची खात्री होती. यंत्र खोटं बोलत नव्हतं, तर यंत्र बनवणारेही बोलणार नाहीत, एवढा तिचा भाबडेपणा होता. शाळा-कॉलेजात हुशार म्हणून गाजलेल्या माणसांतच तो सापडतो.

समितीचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. तक्रार नोंदवली आहे. पुरावा जसा आहे तसा राहू द्यावा, चौकशी होईपर्यंत कुणीही कशालाही हात लावू नये.

मग काय विचारता! रायबागकरांनी तो कागद मोठा करून फुग्याच्या झाकणापाशी चिकटवला. आता फुगा काढणं हा गुन्हा होता. एका पोलिसाचे चार झाले. प्रणिता रोज समितीला लिहायची, रोज तिथल्या संगणकाचं ठरीव उत्तर यायचं की आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. गिरणीपुऱ्यात कावीळ पसरली. तिसऱ्या ओळीतले किसनबुवा गेले. दाखल्यावर वार्धक्य लिहिलं गेलं. पंधराव्या दिवशी सरकारी दवाखान्यात आत्याचा अंगठा आणि शेजारचं बोट काढलं. त्यानंतर चौथ्या दिवशी आत्या हट्टानं आपल्या खोलीत परतली, खाटेवर बसवून, चौघांच्या खांद्यावर. एकवीस दिवस संपले. चौकशीला कुणी आलं नाही. फुगा तसाच राहिला.

पंचविसाव्या दिवशी कचेरीत पेढे वाटत होते.

"या या, सत्कारमूर्ती!" रायबागकर म्हणाले. "क्रमवारी आली. आपला देश चार पायऱ्या वर गेला."

"आणि अंबरखेड?"

"वगळलं. आकडे अविश्वसनीय म्हणून. चाळीसऐवजी एकोणचाळीस शहरांची सरासरी काढली. गेल्या खेपेला आपल्याला खाली ओढलं ते अशाच एका शहराच्या आकड्यांनी, बाई. या खेपेला ते गळले आणि सरासरी उचलली." ते खुर्चीतून उठले. "मी काल दिल्लीला सांगितलं, हे आमच्या वानखडेबाईंच्या प्रामाणिकपणाचं यश. गडबडीची शहरं अशीच गळत गेली तर पुढच्या खेपेला आपण पहिल्या पंचविसांत."

"आणि चौकशी?"

"शहरच यादीत नाही तर चौकशी कसली?" त्यांनी पेढा तिच्या तोंडाशी धरला. त्यांच्या बोटांना सेंटाचा वास येत होता. प्रणितानं तो पेढा घेतला, टेबलावरच्या क्रमवारीच्या कागदावर ठेवला आणि तळहातानं दाबून सपाट केला. मग हात त्यांच्याच रुमालाला पुसून ती बाहेर पडली. मागून कुणीतरी हसलं. हास्यक्लबची सवय लागली असावी.

गिरणीपुऱ्याच्या तोंडाशी तुषार उभा होता. पोलीस गेले होते, कागद फाडलेला होता. त्याच्या हातात किल्ली होती.

"तुझ्याचकडे येत होतो," तो म्हणाला. त्याचा चेहरा किती दिवसांनी मोकळा दिसत होता. "आता उघडता येईल. आता कुणी मोजत नाहीये."

तो हे चांगल्या मनानं म्हणाला, हेच तिला सहन होईना. तिनं त्याच्या हातातून किल्ली घेतली, झाकणापाशी गुडघ्यावर बसली आणि किल्लीनं हवेची झडप उघडली. आत फुगा फुसफुसत बसला. थोड्या वेळानं नळातून गडगड आवाज आला आणि बोळांतलं काळं पाणी हळूहळू सरकू लागलं. भिंतींवर गुडघ्याइतक्या उंचीवर त्याची ओळ राहिली.

बायका खराटे, घमेली, फुटक्या बादल्या घेऊन बाहेर पडल्या. तुषारनं बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि आत्याच्या दारातला खराटा उचलला. खाटेवरून आत्यानं त्याच्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता, जावयाला द्यायचा मान तेवढा होता.

"ठेवा थो. आमची घान आमी काढतो, जावईबापू. तुमची तुमी पाहा."

प्रणितानं खराटा त्याच्या हातातून काढून घेतला, ओढणी कमरेला खोचली आणि ती आत्याच्या खोलीत शिरली. तो दारात किती वेळ उभा होता, हे तिनं वळून पाहिलं नाही.